संकटसूचनेचा नाद आणि ध्वनि-असहिष्णू श्रोता

दवंडीच्या जुन्या रीतीत नाद आणि शब्द यांची वाटणी ठरलेली असे. आधी हलगी वाजे, माणसे उंबऱ्यापाशी येत, वाद्य थांबे आणि मग मजकूर सांगितला जाई. नादाने केवळ अवधान मागावयाचे. अर्थ सांगावयाचा तो शब्दाने. भ्रमणध्वनीवर येणाऱ्या संकटसूचनेत ही वाटणी मोडली आहे. तेथे नाद व मजकूर एकाच क्षणी अवतरतात, आणि मजकूर वाचावयाचा तो नादाच्या माऱ्यातच. बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने हा दहा-वीस क्षणांचा त्रास होय. परंतु समाजात असाही एक वर्ग आहे की ज्याला त्या क्षणांत वाचणे शक्यच होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा वर्ग आहे.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि दूरसंचार विभाग यांनी २०२३ साली या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या. त्यांपैकी २० जुलै २०२३ रोजीची चाचणी महाराष्ट्रातील असंख्य लोकांच्या हातांत अकस्मात वाजली. या पद्धतीत प्रत्येक क्रमांकास वेगळा निरोप जात नाही. मनोरा आपल्या टापूतील सर्व संचांना एकदम साद घालतो. म्हणूनच जाळ्यावर कितीही गर्दी असली तरी सूचना अडत नाही. अनेक संचांत तर आवाज बंद ठेवलेला असतानाही ती वाजते. चाचणीचा मजकूर मात्र असा की, ही केवळ चाचणी आहे, दुर्लक्ष करावे. म्हणजे नाद म्हणतो 'धाव', आणि शब्द म्हणतात 'बैस'.

अशी सूचना नकोच, असे सातारा जिल्ह्यात तरी कोणी म्हणू शकणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माणसे झोपेत होती. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. कृष्णा कोरेगाव तालुक्याची पश्चिम सीमा धरून वाहते आणि पुढे कऱ्हाडला कोयनेचे पाणी घेऊन सांगलीकडे जाते. २००५, २०१९ व २०२१ चे महापूर त्या खोऱ्याने पाहिले आहेत. तेव्हा प्रश्न सूचना असावी की नसावी हा नसून तिचा नाद कसा असावा हा आहे.

या नादाची घडण पाहण्याजोगी आहे. अमेरिकेच्या नियमांनुसार त्यात ८५३ आणि ९६० हर्ट्झ हे दोन स्वर एकदम वाजतात. एक दोन सेकंदांचा ठोका, मग एकेक सेकंदाचे दोन, आणि हाच क्रम पुन्हा. दोन स्वरांतील अंतर १०७ हर्ट्झ. कानाच्या दृष्टीने ते इतके जवळ आहेत की ते वेगळे न राहता एकमेकांत मिसळतात आणि सेकंदाला १०७ वेळा कमी-अधिक होणारी एक खरखर निर्माण होते. लुक आर्नाल, डेव्हिड पोपेल व त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये दाखविले की, ३० ते १५० हर्ट्झ या वेगाची खरखर हे मानवी किंकाळीचे व्यवच्छेदक लक्षण आहे, आणि ती मेंदूच्या भयाशी निगडित भागास विशेष जागे करते. भाषाभ्यासकास यात एक गोष्ट लक्षणीय वाटेल. बोलण्यातील चढउतार सेकंदाला चार-पाच अवयवांच्या संथ गतीने चालतात. किंकाळीचा प्रदेश बोलण्याने जणू मोकळाच सोडला आहे. संकटसूचना नेमकी त्या मोकळ्या प्रदेशात शिरते. तिचे सामर्थ्य तेथे आहे, आणि तिची पीडाही तेथेच.

ध्वनि-असहिष्णुता ही एक अवस्था नव्हे. काहींना इतरांना साधारण वाटणारा ध्वनीही दुःसह मोठा वाटतो, कित्येकदा प्रत्यक्ष दुखतो. काहींना विशिष्ट ध्वनीचाच तिटकारा असतो. त्यासाठी मार्गारेट व पावेल यास्त्रेबॉफ यांनी २००१ च्या सुमारास स्वतंत्र इंग्रजी संज्ञा रूढ केली. अर्धशिशीच्या रोग्यास आवाज नकोसा होतो तो निराळा. स्वमग्न मुलांपैकी अनेकांस अकस्मात ध्वनी असह्य होतो, आणि नाद थांबला तरी त्याचा परिणाम थांबत नाही. पाचवा गट सर्वांत विसरला जाणारा आहे, व तो म्हणजे कमी ऐकू येणारे वृद्ध. आंतरकर्णाच्या विकारात बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र निरोगी माणसाइतकाच, क्वचित अधिकही, मोठा लागतो. मधली पट्टी आकसते. 'जरा मोठ्याने बोल' आणि लगेच 'ओरडतोस कशाला' असे म्हणणारे आजोबा लहरी नसतात. त्यांचा कानच तसा झालेला असतो.

मराठी भाषेने या अवस्थेला सोयीचे नाव दिलेले नाही. 'तिखट कान' ही स्तुती आहे. 'हलक्या कानाचा' म्हणजे चहाडीवर विश्वास ठेवणारा. 'कानठळ्या बसणे' हे ध्वनीचे वर्णन, ऐकणाऱ्याचे नव्हे. परिणामी पीडिताच्या तोंडी 'सहन होत नाही' एवढेच उरते, आणि ऐकणारा त्यास नाजूकपणा समजतो. तथापि 'मोठा', 'कर्कश' आणि 'धसका' हे तीन शब्द मराठीत वेगळे आहेत. रोग्याने यांपैकी कोणता शब्द वापरला याची नोंद वैद्याने घेतली, तर वरील भेद ओळखण्यास तिची बरीच मदत व्हावी.

कोरेगावसारख्या गावाचा कान गोंगाटास सरावलेला नाही असे नाही. पुणे–मिरज मार्गावरील गाडीची शिट्टी आहे, तालुक्यात साखर कारखाना आहे. परंतु भोंग्याची वेळ ठाऊक असते, आणि ठाऊक असलेला आवाज असहिष्णू कानही पुष्कळदा निभावून नेतो. संकटसूचना न सांगता येते, आणि मनुष्य एकटा नसेल तर अनेक संचांतून येते. सारख्या आवाजाचे दहा संच एकाच ठिकाणी वाजले तर पातळी सुमारे १० डेसिबलने चढते. ते क्षणभर मागेपुढे सुरू होतात, म्हणून दचकाही एकदाच बसत नाही. एस. टी. च्या भरलेल्या गाडीत किंवा शाळेच्या शिक्षकदालनाशेजारच्या वर्गात काय होत असेल, याची यावरून कल्पना यावी.

यावर पीडित जो उपाय करतो तो सरळ आहे: संचाच्या मांडणीत जाऊन सूचनाच बंद करणे. चाचणीने दुखावलेला कान अशा रीतीने खऱ्या पुराच्या रात्री बहिरा होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या आठव्या कलमाने आपत्तीत समान संरक्षणाची हमी दिली आहे. स्वमग्नता व श्रवणदोष त्या अधिनियमाच्या यादीत आहेत, ध्वनि-असहिष्णुता नाही.

नाद भेदक ठेवूनही सुसह्य करता येतो, याचे उदाहरण जपानात आहे. तेथील एन्. एच्. के. या प्रसारणसंस्थेने २००७ पासून वापरलेला भूकंपसूचनेचा स्वरसमूह तोरु इफुकुबे यांनी रचला. ते श्रवणसाहाय्याचे अभियंते. स्वर त्यांनी आपले चुलते, संगीतरचनाकार अकिरा इफुकुबे, यांच्या एका सिंफनीतून घेतले. ऐकू कमी येणाऱ्यासही ते कळावेत, लक्ष वेधावे, पण घबराट होऊ नये, अशी कसोटी त्यांनी लावली होती. आपल्याकडे एवढे तूर्त न झाले तरी दोन गोष्टी अल्प खर्चाच्या आहेत. पहिल्या सेकंदात नाद क्रमाने चढावा आणि त्याआधी केवळ कंपन व्हावे. चाचणीसाठी तर खऱ्या संकटाचा नाद वापरण्याचे प्रयोजनच थोडे. वर्षातून एखाद्या वेळी तो वाजविणे अवश्य असेल, तर दिवस व वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेत आठवडाभर आधी लागावी, आणि मजकुराचा पहिला शब्द मराठीत 'चाचणी' हाच असावा.