वाशिमची मध्यरेखा आणि चौदा पळांचा हिशेब

वाशिम शहरात मध्यमेश्वराचे मंदिर आहे. पृथ्वीची मध्यरेखा येथून जाते, अशी त्यामागची श्रद्धा. तिला ग्रंथांचा आधार आहे. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने ‘महाभास्करीया’त लंकेपासून मेरूपर्यंत मध्यरेखेवरची स्थळे सांगितली, त्यांत वाशिमचे, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे, जुने नाव वत्सगुल्म येते. पाच शतकांनी ‘लीलावती’कार भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहला’त कांची, उज्जयिनी आणि कुरुक्षेत्र यांच्या पंगतीला वत्सगुल्म बसवले. आजच्या नकाशावर मात्र उज्जैन सुमारे ७५.७७ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि वाशिम ७७.१३ वर. दोहोंत पूर्व-पश्चिम १४० किलोमीटरांचे अंतर पडते. मग आपले ज्योतिषी चुकले का? चुकले, पण ती चूक किती मोठी, हे आजच्या नकाशावरून नव्हे, त्यांच्या हातातल्या साधनांवरून ठरवले पाहिजे.

रेखांश मोजायचा तर दोन गावांच्या स्थानिक वेळांतला फरक कळला पाहिजे, आणि त्यासाठी दोन्ही गावांना एकाच क्षणी दिसणारी खूण हवी. चंद्रग्रहण ही तशी खूण आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती सर्वांसाठी एकदमच. म्हणून ‘सूर्यसिद्धान्त’ सांगतो की मध्यरेखेसाठी गणिताने काढलेल्या वेळेनंतर चंद्र खग्रासातून सुटताना दिसला, तर आपले गाव रेखेच्या पूर्वेला आहे. वेळ मोजायला घटिकापात्र असे. बुडाला बारीक छिद्र पाडलेली ही तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की भरत भरत बरोबर एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, बुडते. लग्नघरात मुहूर्तही तिच्यावरच साधत. उज्जैन आणि वाशिम यांच्या स्थानिक वेळांत साडेपाच मिनिटांचा, म्हणजे जेमतेम १४ पळांचा फरक आहे. सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत पंधरा-सोळा वेळा वाटी बुडवायची, दर वेळी ती उपसून पुन्हा सोडायची, आणि त्यात १४ पळांचा हिशेब राखायचा. शिवाय आपल्या वातावरणामुळे सावलीची कडा धूसर असते. चंद्र नेमका कधी सुटला याबद्दल शेजारी बसलेल्या दोघांचेही एकमत होणे कठीण. अशा साधनांना ही दोन गावे एकाच रेषेवर दिसली, यात नवल नाही. पंचांगालाही त्याने फारसे बिघडत नव्हते. साडेपाच मिनिटांत चंद्र आकाशात सुमारे तीन कला सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतका.

यावर कोणी म्हणेल, हे चुकीवर पांघरूण घालणे झाले. आक्षेपात तथ्य आहे, पण ते कांचीच्या बाबतीत. कांची उज्जैनच्या पूर्वेला जवळजवळ चार अंशांवर आहे. वेळेतला फरक १६ मिनिटांचा, ४० पळांचा. एवढा फरक घटिकापात्राला पकडता आला असता. तरीही कांची यादीत राहिली, यावरून काही स्थळे तपासून नव्हे, परंपरेने घेतली गेली असावीत असे मानावे लागते. दुसरा आक्षेप उलट बाजूचा : वाशिम खरोखरच पृथ्वीचे केंद्र असून पाश्चात्त्यांनी ते ग्रिनिचला हलवले. पण गोलाच्या पृष्ठभागावर मध्य नसतो. शून्य रेखांश कोठे धरायचा हा संकेताचा प्रश्न आहे. आपल्याकडे तो मान उज्जैनचा होता. १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत तो ग्रिनिचला मिळाला. तेथेही उपग्रहांच्या मोजणीनुसार शून्य रेखांश जुन्या वेधशाळेच्या पितळी पट्टीच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेला सरकला, कारण जुने वेध ओळंब्यावर अवलंबून होते आणि स्थानिक गुरुत्वाकर्षणामुळे ओळंबा थेट पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेला नसतो.

चंद्रग्रहणानंतर युरोपात गुरूच्या चंद्रांची ग्रहणे रेखांशासाठी वापरली गेली, आणि आज ‘नाविक’सारख्या स्थाननिश्चिती यंत्रणांच्या उपग्रहांतली अणुघड्याळे तेच काम करतात. साधन सूक्ष्म झाले. वेळेच्या फरकातून स्थान काढण्याचे मूळ तत्त्व तेच राहिले. तेव्हा वाशिमने अभिमान धरावा तो केंद्रस्थानाचा नव्हे, या मोजणीत आपले नाव लागल्याचा. आणि मोजणी आजही करता येते. वाशिमच्या एखाद्या शाळेने आणि उज्जैनच्या एखाद्या शाळेने एकाच दिवशी अंगणात सरळ काठी रोवावी, तिची सावली सर्वांत आखूड होते ती वेळ मोबाइलवर टिपावी आणि दोन्ही वेळा ताडून पाहाव्यात. वाशिमला माध्यान्ह साडेपाच मिनिटे आधी होईल.