जुने लढाऊ विमान : उडवावे की जपावे?

आजीची पैठणी घरच्या लग्नात नेसावी, की तिची घडी मोडू नये, यावरून आपल्याकडे घरोघर वाद होतात. नेसली तर ती विरते. न नेसली तर ती कशासाठी ठेवली, असे नातसून विचारते. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असते आणि म्हणूनच वाद मिटत नाही. आज ज्या वस्तूविषयी सांगावयाचे आहे तिच्याबाबत हाच प्रश्न फार कठीण होऊन बसतो. कारण ती वस्तू वापरायची म्हणजे हजारो फूट उंच न्यायची, आणि तिच्यात एक जिवंत माणूस बसवायचा. दुसऱ्या महायुद्धातील मूळचे लढाऊ विमान हाती आले, तर ते दुरुस्त करून उडवावे की संग्रहालयात जपून ठेवावे, असा हा प्रश्न आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की ही विमाने दुर्मिळ व्हावीत म्हणून कोणी बांधली नव्हती. इंग्रजांची स्पिटफायर विमाने वीस हजारांहून अधिक झाली, हरिकेन चौदा हजारांच्या वर झाली. युद्ध संपताच त्यांचे मोल भंगाराच्या भावावर आले. बहुतेकांचे पत्रे वितळले. जी वाचली ती कोणाच्या दूरदृष्टीमुळे वाचली असे नव्हे; कोणी विसरले म्हणून, कोठे रानात पडली म्हणून, कोठे शिकविण्याच्या कामी आली म्हणून वाचली.

अशी दोन उदाहरणे पहा. १९ जुलै १९४३ रोजी एक जर्मन फॉक-वुल्फ १९० विमान लेनिनग्राडच्या पूर्वेस इंजिन बिघडल्याने रानात उतरले. वैमानिक कैद झाला आणि विमान तसेच राहिले. १९८९ साली ते सापडले तेव्हा त्याच्याभोवती झाडे वाढली होती. ते इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेले, आणि डिसेंबर २०१० मध्ये मूळ जातीच्याच जर्मन इंजिनावर पुन्हा उडाले.

दुसरे उदाहरण आपल्या देशाशी निगडित आहे. आर ४११८ या क्रमांकाचे हरिकेन विमान १९४० साली इंग्लंडच्या आकाशात झालेल्या लढाईत प्रत्यक्ष लढले होते. पुढे ते हिंदुस्थानात आले, आणि १९४७ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी देण्यात आले. पीटर व्हॅचर नावाच्या इंग्रज गृहस्थांना ते १९८२ साली तेथे उघड्यावर उभे दिसले. त्यांनी चिकाटी धरली, २००१ मध्ये ते मिळविले, आणि डिसेंबर २००४ मध्ये ते इंग्लंडमध्ये उडाले.

उडवावे असे म्हणणाऱ्यांचा पक्ष येथे पुरता उभा राहतो. ते म्हणतात, विमान ही हालचालीची वस्तू आहे. दोऱ्यांनी छताला टांगलेले विमान पाहून पंखांचा आकार कळेल. पण बारा सिलिंडरांचे मर्लिन इंजिन गर्जत डोक्यावरून गेले म्हणजे छातीत जो कंप उठतो, तो कळणार नाही. सतार काचेच्या कपाटात ठेवली तर सतारीचा इतिहास जपला जातो, सतार जपली जात नाही. शिवाय यात एक व्यावहारिक मुद्दाही आहे. विमान उडते ठेवायचे तर त्याचे इंजिन उकलणारे, पत्रा वळविणारे, रिव्हेट ठोकणारे हात तयार ठेवावे लागतात. उडणे थांबले की ते कसब एका पिढीत नाहीसे होते, आणि कसब पुस्तकात लिहून उरत नाही. इंग्लंडच्या हवाई दलाने १९५७ सालापासून जुनी विमाने उडती ठेवणारे एक पथक चालविले आहे. युद्धात गेलेल्या वैमानिकांचे ते चालते-बोलते स्मारक आहे, अशी तेथील लोकांची भावना आहे.

आता दुसरी बाजू. धातूलाही थकवा येतो. तार वारंवार वाकविली की ती ताणून न तुटता वाकण्यानेच तुटते. तसेच प्रत्येक उड्डाणात पंखाच्या मुख्य तुळईवर भार येतो आणि जातो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा वाढत जातात. त्यातच या विमानांचा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आतल्या आत कणाकणाने गंजतो. म्हणून जुने विमान उडवायचे तर सुरक्षिततेसाठी तुळई बदलावी लागते, पत्रे बदलावे लागतात, नळ्या, तारा, रबर, सगळे नवे घालावे लागते. देवाच्या रथाची चाके एका वर्षी बदलली, आस दुसऱ्या वर्षी, शिखर तिसऱ्या वर्षी. गावाच्या लेखी रथ तोच असतो, कारण तेथे महत्त्व उत्सवाला आहे. पण रथ कोणत्या लाकडाचा होता आणि सुताराने तासणी कशी धरली होती, हे ज्याला शोधायचे आहे त्याच्या हाती काय उरले?

विमान हा इतिहासाचा कागद आहे, ही गोष्ट आपण सहज विसरतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने आपल्याजवळील फॉक-वुल्फ विमान १९८० नंतरच्या काळात दुरुस्तीस घेतले, तेव्हा रंगाचे थर एकेक करून उतरविताना त्याच्या आधीच्या नोकरीच्या खुणा निघाल्या. जमिनीवरील हल्ल्यासाठी म्हणून ओळखले जाणारे ते विमान मुळात वेगळ्या कामाचे लढाऊ विमान होते, हे उघड झाले. आपल्याकडे शेंदराचे कवच गळून पडल्यावर आतली मूर्ती दिसते, तसाच हा प्रकार. लेनिनग्राडजवळच्या विमानाच्या बाबतीत तर तेलाच्या मार्गात कापडाचा बोळा सापडला. कारखान्यात सक्तीने राबविल्या जाणाऱ्या कोणा कामगाराने तो मुद्दाम घातला असावा, असे अनुमान आहे. ते खरे असेल तर त्या अज्ञात माणसाची एवढी एकच साक्ष मागे राहिली, आणि ती त्या नळीत होती. अशी साक्ष एकदाच निघते. घाईने नळी बदलून जुनी फेकून दिली असती, तर ती कायमची गेली असती. स्मिथसोनियन संस्था आपल्या संग्रहात दाखल झालेले विमान उडवीत नाही, त्यामागे हाच विचार आहे.

आणि विमान पडते. लिबियात १९४२ साली हाती लागलेले ‘ब्लॅक सिक्स’ हे जर्मन मेसरश्मिट विमान इंग्लंडमधील काही मंडळींनी १९७२ पासून सुमारे एकोणीस वर्षे फावल्या वेळात खपून दुरुस्त केले. मार्च १९९१ मध्ये ते उडाले. काही काळ उडवून मग ते संग्रहालयात ठेवावयाचे ठरले होते. त्याची अखेरची उड्डाणे चालू असताना, १२ ऑक्टोबर १९९७ रोजी डक्सफर्ड येथे उतरताना ते नांगरलेल्या शेतात उलटले. वैमानिक बचावला, विमान पुन्हा दुरुस्त करावे लागले, आणि नंतर ते उडविले गेले नाही. माणसाचा जीव मात्र दर वेळी वाचत नाही. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेत डॅलस येथे महायुद्धकाळातील दोन विमाने प्रदर्शनात एकमेकांवर आदळून सहा जण ठार झाले. २५ मे २०२४ रोजी इंग्लंडमध्ये कॉनिंग्सबीजवळ एक स्पिटफायर पडून त्याचा वैमानिक मरण पावला.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग प्रश्न संपला. सगळी विमाने आत ठेवा आणि दारे लावा. परंतु छप्पर म्हणजे अभय नव्हे. १९७८ साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे विमान-संग्रहालयालाच आग लागली आणि त्यातील संग्रह एका रात्रीत जळाला. शिवाय ‘जपणे’ या शब्दाखाली आपण पुष्कळदा नुसते ‘ठेवणे’ करतो. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत उघड्यावर उभे केलेले विमान दर पावसाळ्यात थोडे थोडे मरते. गोव्यात बोगमाळो येथे नौदलाच्या वायुविभागाचे संग्रहालय आहे. अशा ठिकाणी निगा राखणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याशी नित्य झगडावे लागते. न उडविलेले विमान फुकट जपले जाते, असा समज कोणी करून घेऊ नये.

तेव्हा ‘उडवावे’ आणि ‘जपावे’ यांपैकी एक शब्द सर्व विमानांना लावता येणार नाही. प्रत्येक विमानाला तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते. पहिला, याच्या जातीची आणखी किती उरली आहेत? दुसरा, याच्या अंगावर मूळचे किती आहे : मूळ रंग, मूळ पत्रा, मूळ इंजिन, युद्धातील जखमा? आणि तिसरा, उडवल्याने जे शिकायला मिळेल ते दुसऱ्या मार्गाने मिळेल का? जे विमान एकमेव आहे आणि ज्याच्या अंगावर १९४० सालचा रंग अजून आहे, ते उडविणे म्हणजे ताम्रपटाचे तांबे वितळवून त्याचे भांडे करण्यासारखे आहे. भांडे उपयोगी असेल, पण अक्षरे गेली. उलट ज्याचे बहुतेक भाग पूर्वीच बदलले आहेत आणि ज्याची भावंडे इतरत्र सुरक्षित आहेत, त्याने खुशाल उडावे.

तिसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर निघालेही आहे. जर्मनांचे मेसरश्मिट २६२ हे जेट विमान अमेरिकेत नव्याने घडविण्यात आले. आत आजचे इंजिन, बाहेर जुने रूप. ते डिसेंबर २००२ मध्ये उडाले. अशा प्रतिकृतीने उड्डाणाचा अनुभव लोकांना द्यावा आणि मूळ वस्तूने साक्ष द्यावी, ही विभागणी शहाणपणाची आहे.

आपल्या हवाई दलानेही अशीच एक वाट धरलेली दिसते. १९३३ साली वापिती विमानांवर त्याचे काम सुरू झाले. त्या जातीचे एक विमान पालमच्या संग्रहालयात आहे. ते कोणी उडवू नये, कारण जगात त्याला जोड मिळणे कठीण. पण १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य घेऊन गेलेल्या डकोटांची आठवण म्हणून, इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेले त्याच जातीचे एक विमान २०१८ साली हवाई दलात आले. त्याला ‘परशुराम’ हे नाव आणि व्हीपी ९०५ हा त्या मोहिमेतील विमानाचा क्रमांक देण्यात आला. ते मूळचे व्हीपी ९०५ नव्हे, हे कोणी लपविले नाही. स्मरणाचे काम ते करते, आणि पुराव्याचा बोजा त्याच्यावर नाही.

बनारसच्या हरिकेनविषयी मात्र मन थोडे खट्टू होते. ते उडाले याचा आनंद आहे. पण पन्नासहून अधिक वर्षे ते आपल्या अंगणात होते, आणि उडवावे की जपावे हा प्रश्न आपण त्या काळात विचारलाच नाही. आज आपल्या महाविद्यालयांच्या आवारांत, चौकांत, छावण्यांच्या दारांत खांबांवर चढविलेली जुनी विमाने आहेत. त्यांपैकी कोणते कोठे लढले, त्याचा क्रमांक खरा आहे की रंगविताना बदलला, आतले इंजिन आहे की नाही, याची नोंदवही तरी आधी झाली पाहिजे. निर्णय नंतर घेता येईल. पण काय आहे हेच ठाऊक नसेल, तर निर्णय पाऊस आणि गंजच घेतील.