आधी वाफसा, मग बरमा

रोही आणि रानडुकरांनी यवतमाळच्या शेतकऱ्याची झोप उडवली आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या गावांत तर हंगामात रात्रीची जागल ठरलेलीच. म्हणून धुऱ्यावर तारेचं कुंपण आलं, त्याला सिमेंटचे पोल आले आणि पोलांसाठी खड्डे. सब्बल मारून घामाघूम होण्यापेक्षा ट्रॅक्टरमागचा बरमा, म्हणजे पोस्ट होल डिगर, बरा. तो वापरावाच. पण त्याच्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाचा हिशेब आधी मांडायला हवा.

ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेल्या अवजाराला फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. त्याला जोडलेल्या शाफ्टचा व्यास 7 सेंटिमीटर धरला तर परीघ होतो 22. कापड अडकलं की सेकंदाला जवळपास 2 मीटर गुंडाळलं जातं. खांद्यावरचा दुपट्टा साधारण तेवढाच लांब असतो. काहीतरी ओढतंय हे कळून हात हलेपर्यंत पाव सेकंद जातो, तोवर अर्धा मीटर कापड आत गेलेलं असतं. पीटीओवर 35 अश्वशक्ती मिळत असेल, तर शाफ्टच्या पृष्ठभागावरची ओढ एक टनाहून जास्त भरते. तिच्यापुढे माणसाची ताकद ती किती! बरमा स्वतः गिअरबॉक्समुळे हळू फिरतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. प्रत्यक्षात वेग जितक्या पटीने उतरतो, जवळपास तितक्याच पटीने पीळ वाढतो.

माणूस या यंत्राच्या इतक्या जवळ जातो तो मात्र जमिनीमुळे. आपली काळी माती बेसाल्टच्या झिजेतून झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे सूक्ष्म थर पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसतात. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. दोन भेगांमधलं ढेकूळ दगडासारखं होतं. बरमा वरच्यावर घासत राहतो, आत शिरत नाही. मग हाक येते, ‘चढ रे वर, वजन टाक!’ मजूर सांगाड्यावर पाय देऊन उभा राहतो. शाफ्ट त्याच्या हाताच्या अंतरावर फिरत असतो. तेवढ्यात खाली मुरूम किंवा गोटा लागतो आणि सगळा सांगाडा हिसका देतो. मला सर्वांत जास्त भीती याच क्षणाची वाटते.

भर पावसात उलटी तऱ्हा. चिकट मातीत बरमा स्क्रूसारखा स्वतःला आत ओढून घेतो आणि रुततो. लिफ्टने जबरदस्तीने उपसू पाहिलं तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. अशा वेळी इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी आणि मोठ्या पाईप पान्याने बरमा हाताने उलटा फिरवावा. फूटभर खोलीगणिक वर घेऊन माती झाडली तर सहसा ही वेळ येत नाही.

शाफ्टच्या जोडावरचा शिअर बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. अडलं की तो तुटतो आणि पुढचं वाचतं. सारखा तुटतो म्हणून तिथे कडक, लांब बोल्ट ठोकला की गिअरबॉक्स धोक्यात येतो आणि बाहेर आलेलं टोक कपडा पकडतं.

दगडासारखी कोरडी आणि चिकट ओली, यांच्या मधली जमिनीची अवस्था शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको: वाफसा. परतीचा पाऊस थांबला की कपाशी उभी असली तरी धुरा मोकळा असतो. खड्डे तेव्हा पाडावेत. उन्हाळ्यातच पाडायचे असतील तर खुणेच्या जागी आळं करून आदल्या दिवशी पाणी सोडावं. माती नरमली की कुणाला वर चढवावं लागत नाही. पीटीओ चालू असेपर्यंत बरम्याजवळ कुणीही नको, माती ओढायलाही नको.

थ्रेशरमध्ये हात जायला लागले, तेव्हा 1983 मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. 2017 मध्ये याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. बरम्यापाशीही उभा असतो तो बहुधा रोजंदारीचा गडी. ‘चढ’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणणं त्याला परवडत नाही. म्हणून मशीन ठरवताना भाड्याच्या आधी शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच पाहणं हे मालकाचं काम आहे. कवच नसेल, तर मशीन परत पाठवावं.