चोच, शेपूट आणि ताशी ३२० किलोमीटर!

दोस्तांनो, २००६ साली आलेला ‘कार्स’ हा कार्टूनपट तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यात ‘द किंग’ नावाची एक वयस्कर, निळ्या रंगाची गाडी आहे. आठवली? पुढे लांबलचक चोच आणि मागे दोन खांबांवर उभारलेली ही एवढी उंच फळी! कपडे वाळत घालायला दांडी लावलीय की काय, असं वाटावं. चित्रकाराने गंमत म्हणून काढली असेल, असं तुम्हांला वाटलं असेल. पण नाही! अशी गाडी खरोखर होती. तिचं नाव प्लिमथ सुपरबर्ड. १९७० साली अमेरिकेत ती चक्क शोरूममध्ये विकायला ठेवली होती. किंमत ४,२९८ डॉलर. आणि तरी कितीतरी गाड्या गिऱ्हाइकाची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या!

मग कंपनीने असलं ध्यान बनवलंच कशाला? तर एका नियमापायी.

अमेरिकेत ‘नॅसकार’ ही संस्था मोटारींच्या शर्यती भरवते. त्या गाड्यांना म्हणतात स्टॉक कार. स्टॉक म्हणजे दुकानातला माल. शर्यतीत धावणारी गाडी लोकांना विकत मिळणाऱ्या गाडीसारखीच हवी, असा तिथला दंडक होता. कंपन्यांनी फक्त शर्यतीसाठी गुपचूप एखादी खास गाडी बनवू नये, म्हणून १९६९ मध्ये अट होती की तशा निदान ५०० गाड्या बनवून बाजारात आणायच्या. कंपन्यांनाही शर्यत हवीच होती. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी खपते, असं तिकडे सगळेच म्हणत.

त्या वर्षी फोर्डने ‘टोरिनो टॅलाडेगा’ नावाची गाडी काढली. तिचं नाक काही इंच लांब आणि निमुळतं केलेलं. डॉज कंपनीची ‘चार्जर’ दिसायला रुबाबदार, पण तिची पुढची जाळी गुहेसारखी आत गेलेली आणि मागची काचही खोलगट. वारा त्या खड्ड्यांत शिरायचा आणि गाडीला मागे ओढायचा. डॉजने दोन्ही खड्डे बुजवून ‘चार्जर ५००’ काढली. तरीही फेब्रुवारी १९६९ मध्ये डेटोना ५०० या सगळ्यांत मानाच्या शर्यतीत अगदी शेवटच्या फेरीत ली रॉय यारब्रो याची फोर्ड चार्जरच्या पुढे निघून गेली. डॉजवाल्यांना ते भलतंच झोंबलं!

आता वाऱ्याची गंमत ऐका. सायकल जोरात हाणली की वारा तोंडावर येतो ना? वेग दुप्पट केला, तर वाऱ्याचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. तिप्पट केला तर नऊपट! म्हणून एका हद्दीनंतर नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही. त्यांचं ‘हेमी’ इंजिन आधीच सात लिटरचं, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० च्या जवळजवळ नऊपट. आणखी किती वाढवणार? दुसरा घोटाळा असा, की एवढ्या वेगात गाडी उचलली जायला लागते, चाकांची रस्त्यावरची पकड सुटते.

यावर डॉजच्या इंजिनिअरांनी जे काढलं ते म्हणजे ‘चार्जर डेटोना’. पुढे सुमारे दीड फुटाची पत्र्याची चोच बसवली, वारा कापायला. मागे जवळजवळ दोन फूट उंच पंख, तोही विमानाच्या उलटा. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली दाबतो. इतका उंच का? मागची डिकी उघडायला अडचण होऊ नये म्हणून, असं नेहमी सांगितलं जातं. आणि ते पटण्यासारखं आहे, कारण ही गाडी शेवटी घरगुती गिऱ्हाइकालाच विकायची होती!

डेटोना बनल्या ५०३. नियमाला पुरून तीन उरल्या. हिशेबी माणसं!

रिचर्ड पेटी हा प्लिमथचा हुकमी खेळाडू. निळी गाडी, आकडा ४३. डॉज आणि प्लिमथ या एकाच क्रायस्लर घराण्यातल्या बहिणी, पण डॉज जोरात आहे हे पाहून त्यालाही डॉज हवी झाली. प्लिमथने नकार दिला. झालं, पेटी रुसून थेट फोर्डकडे गेला! मग त्याला परत आणण्यासाठी प्लिमथने स्वतःची चोच-शेपटीवाली गाडी केली. तीच सुपरबर्ड. पेटी परत आला.

पण त्याआधी एक गंभीर गोष्ट घडली. सप्टेंबर १९६९ मध्ये अलाबामा राज्यात टॅलाडेगा हे नवं शर्यतीचं मैदान उघडलं. एक फेरी सव्वाचार किलोमीटरची आणि वळणांवरचा रस्ता ३३ अंशांनी तिरका. जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’ची आठवण व्हावी असा. सरावातच गाड्या ताशी ३२० किलोमीटरच्या जवळ गेल्या आणि टायर थोड्याच फेऱ्यांत फाटायला लागले. गाडी तयार होती, रस्ता तयार होता, पण तो वेग सोसणारं रबर अजून तयार व्हायचं होतं. चालकांनी शर्यत पुढे ढकलायला सांगितलं. मैदानाचे मालक बिल फ्रान्स हेच नॅसकारचेही प्रमुख. ते ऐकेनात. रस्ता चांगला आहे हे दाखवायला त्यांनी म्हणे स्वतः गाडी चालवून दाखवली! शेवटी पेटीच्या पुढाकाराने बहुतेक नामांकित चालक आपापल्या गाड्या घेऊन घरी निघून गेले. बक्षीस गेलं, गुण गेले. मला विचाराल, तर पेटीने त्याच्या सगळ्या विजयांइतकंच मोठं काम त्या दिवशी केलं. १४ सप्टेंबरला उरलेल्यांची शर्यत झाली आणि डेटोना घेऊन रिचर्ड ब्रिकहाउस नावाचा तरुण पहिला आला. त्या गटातला त्याचा हा एकमेव विजय.

त्याच मैदानावर २४ मार्च १९७० ला बडी बेकरने चाचणीत डेटोना पळवली आणि ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची वेस ओलांडली. आतापर्यंत बंदिस्त मैदानावर स्टॉक कारला हे जमलं नव्हतं. त्याच वर्षी पीट हॅमिल्टनने सुपरबर्डवर डेटोना ५०० जिंकली, तर बॉबी आयझॅक डॉज डेटोनावर वर्षाचा विजेता ठरला. फोर्डनेही ‘किंग कोब्रा’ नावाची चोचवाली गाडी करायला घेतली होती, पण ती नमुन्यांच्या पुढे गेलीच नाही.

कारण आता नॅसकारलाच धडकी भरली होती. आधी इंजिनात शिरणारी हवा कमी करणारी भोकांची पट्टी बसवायला लावली. मग १९७१ साठी फर्मान निघालं: चोच-पंखवाल्या गाड्यांनी जेमतेम पाच लिटरचं इंजिन वापरावं. बंदी अशी नाहीच, पण सात लिटरवाल्यांपुढे पाच लिटरवाला काय करणार? १९७१ च्या डेटोना ५०० मध्ये डिक ब्रुक्सने तेवढ्या इंजिनावरही डेटोना उतरवली आणि सातवा आला. त्यानंतर पंख गेले.

आणि शोरूममधल्या गाड्या? १९७० मध्ये अट वाढली होती: दर दोन डीलरांमागे एक गाडी. म्हणून प्लिमथला १९०० हून जास्त सुपरबर्ड कराव्या लागल्या. शर्यतीत देखणी वाटणारी गाडी घरासमोर उभी करायची म्हटलं की लोक कचरत. काही डीलरांनी तर चोच-पंख काढून साध्या गाडीसारख्या त्या विकून टाकल्या! हेमी इंजिनाच्या सुपरबर्डला २०२२ मध्ये लिलावात दहा लाख डॉलरच्या वर किंमत आली. तो पंख काढणारा डीलर आता काय म्हणत असेल?

अजून एक सांगायचं राहिलं. सुपरबर्डचं छप्पर काळ्या रेक्झिनसारख्या कापडाने झाकलेलं असे. ते शोभेचं नव्हे. घाईघाईत बदललेल्या मागच्या काचेभोवतीची जोडणी लपवायला! हॉर्न मात्र खरोखर शोभेचा. कार्टूनमधल्या ‘रोड रनर’ पक्ष्यासारखा तो ‘बीप बीप’ असा वाजायचा, आणि पंखाच्या खांबांवर त्याच पक्ष्याचं हेल्मेट घेतलेलं चित्र. ‘कार्स’ पुन्हा बघाल तेव्हा किंगचा आवाजही लक्ष देऊन ऐका. इंग्रजी चित्रपटात तो आवाज खुद्द रिचर्ड पेटीने दिला आहे.