रंगाच्या वाफेचा बंदोबस्त

डोळखांबच्या दक्षिणेस मुरबाडची औद्योगिक वसाहत आणि पश्चिमेस आसनगावचे कारखाने असल्यामुळे, लोखंडी सांगाड्यांना व पत्र्यांना रंग चढविताना थिनरमधील टोल्युईन, झायलीन इत्यादी द्रव्यांची जी वाफ होते, तिचा विचार या वनप्रदेशासही परका नाही. कारण रंग वाळताच ही द्रव्ये नाहीशी झाल्याचा केवळ भास होतो, वस्तुतः ती हवेत मिसळून नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या संगतीने व सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने भूपृष्ठालगत ओझोन निर्माण करतात.

फवारणीच्या कक्षातील पाण्याचा पडदा रंगाचे तुषार अडवितो, वाफ अडवीत नाही. तिच्यासाठी सक्रिय कोळशाचे थर, अथवा सुमारे ७५० अंश सेल्सियसला तिचे दहन करणारी भट्टी, अशी स्वतंत्र तजवीज लागते. परंतु मला त्याहून श्रेयस्कर वाटतो तो उगमाशीच केलेला उपाय, म्हणजे पावडर कोटिंग, ज्यात विद्युत्भारित कोरडी भुकटी धातूवर बसवून साधारणतः १८० ते २०० अंशांवर वितळविली जाते आणि द्रावकाचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराच्या श्वासातील टोल्युईनला दहा लाख भागांत १०० भाग अशी आठ तासांची सरासरी मर्यादा घातली होती; शिवाय १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यान्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीही आवश्यक आहे. कारखानदारांनी ते संमतिपत्र दप्तरी ठेवावेच, पण थिनरच्या डब्यांची झाकणेही काम नसताना घट्ट लावून ठेवावीत, ही कळकळीची विनंती.