शरदातली दक्षिणेची जलवाट

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत नद्या, खाड्या आणि कालवे जोडून आंतरकिनारी जलमार्ग तयार केला आहे. व्हर्जिनियातल्या नॉरफोकपासून मायामीपर्यंत तो सुमारे १,७५० किलोमीटर भरतो. थंडी टाळायला निघालेल्या होड्यांची दर शरदात इथे रीघ लागते. केप हॅटरसजवळचा खवळता समुद्र या वाटेने टळतो, हा तिचा मोठा फायदा.

निघण्याची वेळ साधणे अवघड. चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे बऱ्याच विमा कंपन्या लवकर दक्षिणेत उतरू देत नाहीत. उशीर केला, तर दिवस लहान होतात आणि रात्री या अरुंद वाटेने जाणे धोक्याचे.

सुरुवातीलाच दोन फाटे लागतात. त्यांतला डिस्मल स्वॅम्प कालवा १८०५ मध्ये खुला झाला. तो गुलाम मजुरांनी दलदलीत उभे राहून खणला, हे विसरता कामा नये. झाडपाल्यातल्या टॅनिनमुळे त्याचे पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी दिसते.

पुढे खरी परीक्षा जॉर्जियात. तिथे भरती-ओहोटीत दोन मीटरांहून अधिक फरक पडतो आणि गाळाने भरलेल्या भागांत ओहोटीला होडी रुतते. असे टप्पे चढत्या भरतीत पार करावेत. डोलकाठीची उंचीही आधी मोजावी: बहुतेक स्थिर पुलांखाली ६५ फूट जागा असते, पण मायामीच्या ज्युलिया टटल पुलाखाली ५६ फूटच मिळते. त्याहून उंच शिडाच्या होड्यांना तेवढ्यापुरते समुद्रात जावे लागते.