जेसीबीवर हात बसतो तेव्हा...

२०१९ मध्ये ‘जेसीबी की खुदाई’चे मीम्स आपण सगळ्यांनीच फॉरवर्ड केले. खुदाई बघायला गर्दी जमते, पण ती करणाऱ्याकडे कोण बघतं? कर्वेनगरमध्ये जुन्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट सुरू आहे. अशाच एका साइटबाहेर मी दुपारभर थांबले.

आधी एक गैरसमज दूर करू. जेसीबी म्हणजे बुलडोझर नव्हे! बुलडोझर पुढच्या ब्लेडने माती ढकलतो. आपल्या गल्लीत येतो तो बॅकहो लोडर. पुढे लोडर, मागे खोदणारा हात. जेसीबी हे कंपनीचं नाव, संस्थापक जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांची आद्याक्षरं.

खोदायचं असलं की ऑपरेटर सीट मागे वळवतो, मशीनचे दोन पाय जमिनीत घट्ट रोवतो आणि लिव्हर हातात घेतो. नवशिका एकेक हालचाल करतो, मशीन झटके खातं. मुरलेला ऑपरेटर हात उचलणं, वळवणं, बकेट भरणं एका लयीत करतो. बुलडोझरवरही तसंच. ब्लेड एकदम खोल घातलं तर मशीन अडतं. पातळ थर काढत गेलं तर जमीन सपाट होते.

खरी परीक्षा मात्र न दिसणाऱ्या गोष्टींची. शहरात मातीखाली वीज, पाणी, गॅस सगळंच असतं. मातीत पाइप दिसताच दादांनी मशीन थांबवलं. बाहेर ट्रक खोळंबला होता, हॉर्न वाजत होते. तरी पुढचं काम फावड्यानेच झालं.

दादा हेल्पर म्हणून लागले आणि बघत बघत शिकले. आता यासाठी रीतसर कोर्सही आहेत. संध्याकाळी त्यांनी बकेट जमिनीला टेकवली, मगच किल्ली काढली.